डोके कुणाच्या हाती द्यावे?

डोकेदुखी हा आजार आहे असे मानण्याची आपल्या घरांतून फारशी पद्धत नाही. ताप आला की थर्मामीटर लावतात, पाय मोडला की प्लास्टर घालतात. डोके दुखले की "जरा पडून राहा" म्हणतात, आणि पडलेले माणूस तासाभरात उठले नाही की घरातले एकमेकांकडे पाहू लागतात. त्यातून ते डोके घरातल्या बाईचे असले तर विचारायलाच नको. अर्धशिशी पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने अधिक होते हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितले आहे. पण आमच्या नात्यातल्या एक सासूबाई तिला "कणीक भिजवायच्या वेळेला येणारी डोकेदुखी" म्हणत असत, आणि हा विनोद त्या घरात तीस वर्षे चालला. हसणाऱ्यांत आम्हीही होतो. पुढे आमच्यावर पाळी आली तेव्हा हसू थांबले.

आम्हांला अर्धशिशी जडून आता बावीस वर्षे झाली. उजव्या डोळ्यामागे घण पडू लागतात, उजेड नकोसा होतो, शेजारच्या घरातल्या फोडणीच्या वासानेही उलटी होते. लंडनच्या मेट्रोपॉलिटन लाइनवर वेंब्ली पार्क ते बेकर स्ट्रीट हा प्रवास डोळे मिटून, हातात प्लॅस्टिकची पिशवी धरून आम्ही किती वेळा केला असेल याची मोजदाद नाही. त्यात सहा वर्षांपूर्वी जबड्याची भर पडली. सकाळी उठावे तो गाल दगडासारखे, तोंड उघडताना कानाजवळ कट्‌कन आवाज, आणि कानात ठणका. डॉक्टरांनी कान पाहिला, कान चांगला होता. शेवटी दंतवैद्याने दाढा पाहून निदान केले की आम्ही झोपेत दात खातो. लहानपणी दात खाणाऱ्या मुलाला जंत झाले म्हणून औषध पाजीत. पन्नाशीजवळच्या माणसाला काय पाजणार? घरच्यांनी एवढेच विचारले, "दातओठ खाण्याइतका राग आहे तरी कुणावर?"

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, गेली दोन-अडीच वर्षे आम्ही या दुखण्यासाठी लोकांच्या हाताखाली पडून पाहिले. हाताने करायचे उपचार, म्हणजे दाबणे, चोळणे, ताणणे, सांधा हलवणे वगैरे. त्यातून आमचे जे मत झाले ते येथे मांडायचे आहे. कारण आपल्या मंडळींत या उपचारांबद्दल दोनच टोके दिसतात. काही जण "मालिश म्हणजे चैन" म्हणून उडवून लावतात, तर काही जण "इंग्रजी गोळ्यांनी काही झाले नाही, पण त्या बाईच्या हातात जादू आहे" असे म्हणून दहा बैठकांचे पैसे आधी भरून मोकळे होतात.

खरे तर हात आपल्याला परका नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा जन्मानंतरचा पहिला वैद्य म्हणजे मालिशवाली बाई. डोके दुखले की आजी टाळूवर खोबरेल थापून अंगठ्यांनी कानशिले दाबायची, वर सुंठेचा लेप. उसण भरली की गल्लीतल्या पायाळू माणसाला बोलावून त्याची लाथ पाठीला लावून घेणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. हाडवैद्य होते, आणि केस कापून झाल्यावर न विचारता मान कडकन मोडणारा न्हावी तर होताच. इथल्या इंग्रजांनाही हे शिकवले ते आपल्याच एका माणसाने. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रायटनला वाफेचे स्नान आणि चंपीचे दुकान थाटले, १८२२ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि चौथ्या जॉर्ज राजाचे 'शॅम्पूइंग सर्जन' झाले. आज बाटलीतून डोक्यावर ओततो तो 'शॅम्पू' शब्द मुळात आपल्या चंपीचाच. ब्रायटनच्या समुद्रकाठी आईस्क्रीम खाताना हे आठवावे.

तर, आमची पहिली स्वारी गेली ती एका ब्यूटी पार्लरच्या वरच्या मजल्यावर. खोली छान, उजेड मंद, चादर उबदार. तेथील बाईंनी आमचे डोके दोन्ही तळव्यांत धरले आणि पाऊण तास धरूनच ठेवले. कवटीची हाडे एका लयीत हलतात, मेंदूभोवतीच्या पाण्याला भरती-ओहोटी असते, ती बोटांना कळते, आणि ती सुरळीत केली की अर्धशिशी जाते, असे त्यांनी सांगितले. या पद्धतीला क्रेनिओसेक्रल म्हणतात. विल्यम सदरलंड नावाच्या अमेरिकन ऑस्टिओपॅथने १९३० च्या दशकात तिचा पाया घातला, आणि १९७० नंतर जॉन अपलेजर यांनी तिला आजचे नाव व रूप दिले.

आम्हांला तिथे फार बरे वाटले हे प्रथम कबूल केले पाहिजे. झोप लागली. कित्येक महिन्यांत कुणी पाऊण तास आमच्याकडे लक्ष दिले नव्हते. घड्याळाकडे न पाहता तर कुणीच नाही. चार दिवस डोके शांत राहिले. पाचव्या दिवशी घण पुन्हा सुरू झाले. पुढच्या खेपेला बाई म्हणाल्या, "तुमच्या गोळ्या आड येताहेत, त्या बंद करा." आम्ही तेव्हा प्रोप्रॅनोलॉल घेत होतो. घरी येताना आमच्या गुजराती केमिस्टला सहज विचारले, तर तो काउंटरच्या बाहेर येऊन म्हणाला, "एकदम बंद केली तर हृदयावर ताण येईल. कुणी सांगितले तुम्हांला? डॉक्टर आहे का ती?" ती डॉक्टर नव्हती. तिला तसे असण्याची कायद्याने गरजही नव्हती.

हा मुद्दा आपल्या लोकांना ठाऊक नसतो म्हणून जरा थांबून सांगतो. या देशात 'फिजिओथेरपिस्ट' ही पाटी कुणालाही लावता येत नाही. सरकारमान्य नोंदणी लागते. ऑस्टिओपॅथसाठी १९९३ चा आणि कायरोप्रॅक्टरसाठी १९९४ चा स्वतंत्र कायदा आहे. 'मसाज थेरपिस्ट' किंवा 'क्रेनिओसेक्रल थेरपिस्ट' या नावांना मात्र असे कायद्याचे कुंपण नाही. उद्या आम्हीही पाटी लावू शकतो. त्यांत प्रामाणिक, शिकलेली माणसे पुष्कळ आहेत, स्वेच्छेने संस्थांत नाव नोंदवणारीही आहेत. पण पाटीवरून ती ओळखता येत नाहीत. आणि उलट बाजूने, नोंदणी आहे म्हणून त्या माणसाचा प्रत्येक दावा खरा ठरतो असेही नाही. पंजाबी आईबापांच्या पोटी इंग्लंडात जन्मलेले लेखक सायमन सिंग यांनी २००८ मध्ये कायरोप्रॅक्टरांच्या काही दाव्यांवर टीका केली, तेव्हा त्यांच्या संघटनेने सिंग यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. दोन वर्षे तो चालला आणि २०१० मध्ये संघटनेनेच तो मागे घेतला. अब्रुनुकसानीचा कायदा २०१३ मध्ये बदलला, त्यामागे या प्रकरणाचाही हात होता.

आता हाताच्या उपचाराने अर्धशिशी जाते का? आम्ही वाचले, विचारले, आणि आमचे मत असे झाले की जात नाही. अर्धशिशी हा मुळात मेंदूचा विकार आहे, मानेचा नव्हे. मान आखडते खरी, पण पुष्कळदा ती झटक्याचा एक भाग म्हणून आखडते. चेहऱ्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस आणि मानेच्या वरच्या नसा मेंदूच्या देठात एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे कुठले दुखणे कुठे जाणवेल याचा भरवसा नसतो. आपण मात्र "मान आखडली म्हणून डोके चढले" असा उलटा हिशेब मांडतो. नॉर्वेत १०४ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींचा मणका खरोखर हलवला, काहींचा हलवल्याचे नुसते सोंग केले, बाकीच्यांना नेहमीच्याच गोळ्या. मणका हलवलेल्यांचे डोकेदुखीचे दिवस कमी झाले, आणि सोंग केलेल्यांचेही झाले! गुण आला असेल तर तो उपचारावरच्या विश्वासाचा असावा, असाच निष्कर्ष संशोधकांनी काढला. कवटीच्या लयीचे तर विचारूच नका. एकाच डोक्यावर दोन तज्ज्ञांनी हात ठेवले तर त्यांना मोजलेली लय जुळत नाही, असे तपासण्यांत दिसले आहे.

यावर आमचे एक स्नेही म्हणतात, "बरे वाटले ना? मग कशाने का वाटेना." हे म्हणणे आम्ही अर्धे मान्य करतो. बरे वाटणे ही काही लहान गोष्ट नाही. पाऊण तासाच्या शांततेचे पैसे कुणी शांततेचे म्हणून घेतले तर आमची तक्रार नाही. नाटकाचे तिकीट आपण काढतोच. तक्रार आहे ती रोग बरा करण्याच्या नावाने ते पैसे घेण्याबद्दल, आणि त्याहून अधिक, गोळ्या बंद करायला सांगण्याबद्दल.

जबड्याची गोष्ट मात्र निराळी निघाली, आणि ती सांगताना आमचा सूर बदलतो हे वाचकांच्या लक्षात येईल.

दंतवैद्याच्या सांगण्यावरून आम्ही जबड्याचेच काम करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. सरकारी रांग लांब होती म्हणून खिशातून पैसे दिले. सगळ्यांना ते जमणार नाही हे आम्ही जाणतो. या आयरिश बाईंनी पहिल्या दिवशी अर्धा तास हातच लावला नाही, नुसते प्रश्न. डोके केव्हापासून दुखते, वय काय, दिसण्यात फरक पडला का, घास चावताना जबडा थकतो का, वजन उतरले का, महिन्याला गोळ्या किती. मग म्हणाल्या, "आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात घाला." साधारण माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे मावतात. आमची दोन मावली, तीही कष्टाने. "च्युइंग गम खाता का?" नाही. "आणखी काही चघळता?" आम्ही सुपारीचे नाव घेतले. बाईंनी लगेच टॉर्च लावून गालाची आतली बाजू पाहिली. सुपारीने तोंडाचे अस्तर पांढुरके व ताठर होते आणि तोंड उघडेनासे होते. तो वेगळाच आजार, पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारा; तिथे मालिश उपयोगाची नाही. आमचे अस्तर ठीक होते. पण दर जेवणानंतर बडीशेपेबरोबर खांड तोंडात टाकणाऱ्या मंडळींनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

मग हातमोजा चढवून त्यांनी एक बोट आमच्या गालाच्या आत आणि अंगठा बाहेर ठेवला, आणि चावण्याचा जो जाड स्नायू गालात असतो तो चिमटीत धरून हळूहळू दाबला. काय सांगावे! ज्या ठणक्यासाठी आम्ही वर्षभर कानाचे डॉक्टर गाठत होतो तो ठणका त्या एका गाठीतून थेट कानात गेला. डोळ्यांत पाणी आले. दुसरी गाठ कानशिलावर सापडली. ती दाबताच कपाळाची उजवी बाजू दुखू लागली, अर्धशिशीचा भास व्हावा इतकी. बाई लगेच म्हणाल्या, "ही तुमची अर्धशिशी नव्हे, तिची शेजारीण आहे. शेजारणीला मी गप्प करू शकते. तिला नाही." इतके सरळ वाक्य आम्ही या धंद्यात दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकले नाही, आणि आमचा विश्वास बसला तो या वाक्यामुळे. मान मोडून द्याल का, असे आम्ही विचारले, न्ह्याव्याची सवय! त्यांनी नकार दिला. मानेला झटका दिल्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे विरळा आहेत, पण आहेत, आणि जबड्यासाठी तो धोका कशाला घ्यायचा, असे त्यांचे म्हणणे.

एकूण सहा वेळा गेलो. घरी करायचे व्यायाम हे खरे औषध आणि आपला हात म्हणजे त्याची वाट मोकळी करणारा, असे त्या बजावीत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांमागे टाळूला टेकलेली, हीच जबड्याची विश्रांतीची जागा. इंग्रजी 'एन्' म्हणताना जीभ जिथे लागते तिथे, असे त्यांनी सांगितले. आम्ही घरी येऊन आमचा न आणि ण दोन्ही म्हणून पाहिले. जागा दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. दिवसातून कितीतरी वेळा आपण दात विनाकारण आवळून बसतो हे त्यानंतर कळले. मोटार चालवताना, हिशेब करताना, आणि भारतातून अवेळी फोन आला की हटकून. तीन महिन्यांत तिसरे बोट तोंडात मावू लागले. ऊस आणि चकली अजून वर्ज्य आहे. भाकरी दुधात कुस्करून खातो.

हा केवळ आमचाच अनुभव नाही. २०२३ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलने जबड्याच्या जुनाट दुखण्यावर जी मार्गदर्शिका छापली, तिने हाताने सांधा हलवणे, स्नायूंतल्या दुखऱ्या गाठी दाबणे आणि देखरेखीखालचे व्यायाम यांची जोरदार शिफारस केली, मनाचा ताण हाताळायला शिकवणाऱ्या उपचाराचीही केली, आणि शस्त्रक्रियेने सांध्यातली चकती काढण्यासारख्या न उलटणाऱ्या उपायांविरुद्ध सल्ला दिला. अर्धशिशीच्या सरकारी मार्गदर्शिकेत मात्र मालिशीची शिफारस नाही. सुयांच्या उपचाराची आहे, तीही औषधे लागू पडली नाहीत किंवा चालत नसली तर.

आणि आमच्या अर्धशिशीचे काय झाले? बाईंनी गोळ्यांचा आकडा विचारला होता तो आम्ही घरी येऊन कॅलेंडरवर मांडला. महिन्यात वीस दिवस आम्ही दुकानातली कोडीनवाली गोळी घेत होतो! कोडीनची गोळी महिन्यात दहा किंवा अधिक दिवस आणि साधी पॅरासिटामॉल पंधरा किंवा अधिक दिवस, असे तीन महिने घेत राहिले तर गोळीच डोकेदुखी निर्माण करते. आमच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती गोळी सुटली. पहिले दोन आठवडे कसे गेले ते घरच्यांना विचारावे. त्यानंतर अर्धशिशीचे दिवस निम्म्यावर आले. जबडा सैल झाला त्याच सुमाराला हे झाले, तेव्हा श्रेय कुणाचे, आम्ही सांगू शकत नाही. आमचा संशय गोळी सुटण्यावर अधिक आहे. ती सुटली पाहिजे हे कळले मात्र हात लावण्याआधी प्रश्न विचारणाऱ्या बाईंमुळे.

त्या प्रश्नांचे मोल आम्हांला पुरते कळले ते आमच्या ओळखीच्या एका काकूंमुळे. वय त्र्याहत्तर. आयुष्यात कधी डोके दुखले नव्हते, ते अचानक दुखू लागले. भाकरी चावताना जबडा भरून यायचा, थांबले की उतरायचा. वेणी घालताना कानशिलाला फणी लागली तरी कळ. आमचा जबडा बरा झाल्याचे आम्हीच त्यांना मंडळाच्या गणपतीत मोठ्या उत्साहाने सांगितले होते. त्यांनी घराजवळ मालिश करणारे कुणी शोधले. तीन आठवडे तेल लावून कानशिले रगडून घेतली. त्या माणसाने वय विचारले नाही, फणीचे विचारले नाही, डोळ्यांचे विचारले नाही. एका सकाळी त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे पडदा आला तो उठलाच नाही. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज येण्याचा हा आजार. पन्नाशीनंतर होतो, आणि वेळीच स्टिरॉइड दिले तर बहुधा दृष्टी वाचते. त्यांची उजव्या डोळ्याची वाचली. काकूंनी आम्हांला दोष दिला नाही. त्या म्हणाल्या, "तू तरी काय डॉक्टर आहेस का?" तेव्हापासून आम्ही आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंचा पत्ता कुणी मागितला तर आधी त्याचे वय विचारतो. पन्नाशीपुढची नवी डोकेदुखी आणि त्याबरोबर चावताना जबडा दुखणे, एवढे ऐकले की पत्ता देत नाही. त्याच दिवशी डॉक्टरला गाठ म्हणून मागे लागतो; डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर सरळ इस्पितळात.

म्हणून आमची सूचना आहे, आणि ती मालिश करणाऱ्यांना नसून आपल्या मंडळांना आहे. वर्षाकाठी दोन नाटके, एक कोजागिरी आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांचे एक हास्यसंमेलन आपण करतोच. त्यातल्या एका दुपारी तासभर एखादी नोंदणी असलेली फिजिओथेरपिस्ट बोलवावी. आपल्या मुली-सुनांतच पुष्कळ आहेत, शोधायला लांब जायला नको. सुपारीची डबी दारातच ठेवून आत यावे आणि सर्वांनी आपापली तीन बोटे तोंडात घालून पाहावीत. बायकांसाठी पडद्याआड निराळी व्यवस्था असावी, कारण परक्याचा हात मानेला लागणार म्हणून वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढणाऱ्या काकवा आणि मावश्या आमच्या माहितीत आहेत. बाईच हवी, किंवा सोबत कुणी बसेल, असे इथे बेलाशक सांगता येते हे त्यांना कुणी कळवलेले नाही. खर्च फारसा नाही. चहा आणि बटाटेवडे आमच्याकडून, फक्त वडे मऊ असावेत.